पालखी कुठून येते, ते विचारा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही पुण्याचे, सह्याद्रीतले बरेच गड चढलेले. येत्या शिमग्याला बायको आणि बारा वर्षांच्या मुलीला घेऊन रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने विजयदुर्गापर्यंत पाच दिवसांत चालत जायचे ठरवता आहात. रोजचे २५ किलोमीटर धरले आहेत. तुम्हाला वाटेचा नकाशा हवा आहे, आणि वाटेत लोककला कुठे बघायला मिळतील त्याची यादी.

मी रत्नागिरी तालुक्यातल्या एका वाडीत वाढलो. शाळा एक सडा ओलांडून होती, त्यामुळे चालणे हा छंद आहे हे फार उशिरा कळले. गेली अठरा वर्षे लहान लहान गट घेऊन या किनाऱ्यावर चालतो. एवढ्या वर्षांत नकाशा मागणारे पुष्कळ भेटले. दर वेळी मला तेच सांगावे लागते की नकाशा नाही, आणि असता तरी तुमची अडचण त्याने सुटली नसती.

अडचण अशी आहे. घाटावर गड म्हणजे एक ठिकाण, आणि वाट त्या ठिकाणाला जाते. कोकणात किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण जाणारी सलग पायवाट कधी नव्हतीच, कारण तिची कुणाला गरज नव्हती. रत्नागिरीहून विजयदुर्गाला जायचे तर माणूस गलबताने जाई, पुढे आगबोटीने. पायवाटा आडव्या पडल्या: बंदरातून वाडीत, वाडीतून देवळात, देवळातून सड्यावर, सड्यावरून पुढे घाटाच्या पायथ्याला. मीठ, सुकी मासळी, नारळ वर गेले आणि धान्य खाली आले ते याच आडव्या वाटांनी. तुम्ही त्या सगळ्या वाटांना छेद देत चालणार आहात. म्हणून दर दोन-तीन किलोमीटरला वाट संपेल, नवी शोधावी लागेल, आणि ती फक्त तिथल्या माणसाला माहीत असेल.

चालताना चार प्रकारची जमीन पायाखाली येईल. पुळण म्हणजे वाळूचा किनारा. खडप म्हणजे डोंगराचे टोक समुद्रात उतरते तिथला खडकाळ भाग. सडा म्हणजे वरचे जांभ्याचे उघडे पठार. आणि पाखाडी म्हणजे वाडीतून जाणारी, जांभ्याचे चिरे बसवलेली पायऱ्यापायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगड रचलेली कुंपणे. पुळणीवर ओल्या वाळूतून तासाला चार किलोमीटर सहज होतात, कोरड्या वाळूत अडीच. खडपावर दीड झाले तरी खूप. सडा सपाट आहे म्हणून झपाट्याने संपतो, पण मार्चमध्ये सकाळी दहानंतर खालचा कातळ तव्यासारखा तापतो आणि सावलीला झुडूपसुद्धा नसते. पाखाडीचा वेग तर सांगताच येत नाही, कारण दर घरासमोर कुणीतरी थांबवते. हे सगळे धरून मुलीबरोबर दिवसाला १० ते १२ किलोमीटर, त्याहून जास्त नको. म्हणजे विजयदुर्ग आत्ताच यादीतून काढा. चार दिवसांत भाट्ये ते आडिवरे एवढे नीट होते.

आता वाट शोधायची कशी?

शिमग्यात येताय हे तुमच्या नकळत तुम्ही फार चांगले केले आहे. रत्नागिरीकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते. पालखीला रूपे लावतात, म्हणजे देवांचे चांदीचे मुखवटे बसवतात, आणि ती सहाणेवर, म्हणजे पालखी बसवायच्या गावातल्या ठरलेल्या जागी, येऊन बसते. होळी झाली की मग ती घरोघर फिरते. वर्षभर आपण देवाकडे जातो, या दिवसांत देव आपल्याकडे येतो, असे आमच्याकडे म्हणतात ते शब्दशः खरे आहे: देव पायवाटेने येतो. मुंबईचे चाकरमानी गणपतीनंतर गावाला येतात ते यासाठी. घर वर्षभर बंद असले तरी पालखीच्या दिवशी कुलूप निघते आणि ओटी भरली जाते.

वाटेच्या दृष्टीने याचा अर्थ काय? पालखी गावातल्या प्रत्येक वाडीला जाते. ती खांद्यावरून नेतात, त्यामुळे वाट तेवढी रुंद लागते. शिमग्याच्या आठ-दहा दिवस आधी वाडीतले लोक कोयते घेऊन निघतात आणि वाटेवर आलेल्या फांद्या, करवंदीची जाळी तोडतात, निखळलेले चिरे पुन्हा बसवतात, साकव मोडला असेल तर दुरुस्त करतात. आंब्याची बाग घेणाऱ्याने भोवती तारेचे कुंपण घातले तरी पालखीच्या वाटेवर तो फट ठेवतो. मी फिरलो तेवढ्या गावांत ती वाट बुजवायची कुणाची छाती झालेली पाहिली नाही. शिवाय पालखी जिथे टेकवायची त्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या असतात आणि तिथे बहुधा सावली असते. आता बघा, साफ, सगळ्यांसाठी मोकळी, बेताच्या चढाची आणि विसाव्याच्या जागा असलेली अशी दुसरी कुठली वाट तुम्हाला हवी होती?

म्हणून गावात शिरल्यावर ‘समुद्राकडे कसे जायचे’ असे विचारू नका. तसे विचारले की प्रत्येक जण डांबरी रस्ता दाखवतो. पाहुण्याला चालायला लावणे बरे दिसत नाही. ‘तुमच्याकडे पालखी कुठून येते आणि कुठून जाते?’ असे विचारा. मग घरातले आजोबा उठून खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेपर्यंत येतात, आणि हात करून त्या फणसाखालून, व्हाळातून (ओढ्यातून), वरच्या घाटीने असे सगळे सांगतात. मी स्वतः नव्या गावाची वाट अशीच गोळा केली आहे.

यालाही मर्यादा आहे. पालखी गावाच्या शिवेपर्यंतच जाते. पलीकडे दुसरा देव, दुसरे मानकरी, दुसरी पालखी. दोन गावांच्या वाटा शिवेवर एकमेकींना भेटतीलच असे नाही, मध्ये कधी एक पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, असतो, कधी नुसता सडा. तुम्ही चुकाल ते बहुतेक तिथे. तेवढा तुकडा मुकाट्याने रस्त्याने चाला, त्यात काही कमीपणा नाही.

तुमच्या तारखांवर बरेच अवलंबून आहे. काही गावांत तेरसे शिमगा असतो, म्हणजे फाल्गुन शुद्ध त्रयोदशीचा. काही गावांत भद्रेचा, पौर्णिमेचा. पालखी किती दिवस फिरते ते घरांच्या संख्येवर ठरते. काही ठिकाणी पाच दिवसांत उरकते, काही ठिकाणी पाडव्यापर्यंत चालते. कुठल्या दिवशी कुठली वाडी, हे त्या गावचे मानकरी ठरवतात. तुम्ही जिथे उतराल त्या घरी आठवडाभर आधी फोन करून विचारणे, हाच एक मार्ग आहे. इंटरनेटवर तारखांच्या याद्या फिरतात, त्यांच्या भरवशावर येऊन रिकाम्या सहाणेपुढे उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

दुसरे घड्याळ समुद्राचे. हे मात्र हिशेबाने सांगता येते, आणि पुळणीवर-खडपावर चालणाऱ्याने ते पाठच करावे. तिथीला पाऊणने गुणायचे, जे येईल ते पूर्ण भरतीचे वाजलेले तास. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा. म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढे भरती, दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, सव्वा अकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे. भरतीपासून साधारण सव्वासहा तास मागेपुढे केले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण माझी बायको घरातल्या कालनिर्णयावर बोट ठेवून जे सांगते त्यावर मी आजही निघायची वेळ ठरवतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा दोन्ही टोकांना जाते.

आता हे तुमच्या शिमग्याला लावून बघू. त्रयोदशीला भरती पावणेदहाला. म्हणजे तुम्ही सकाळी सहाला निघालात तर पाणी चढतच असेल, आणि तुमच्या पायाखालची ओली वाळू दर मिनिटाला कमी होत जाईल. पौर्णिमेला थोडे बरे, पण तेव्हा उधाण. वद्य द्वितीयेला भरती दुपारी दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासातला. तृतीयेला आठला. चतुर्थीला पावणेनऊला. पंचमीला साडेनऊला. थोडक्यात, होळीच्या तिसऱ्या दिवसापासून रंगपंचमीपर्यंतचे चार दिवस सकाळच्या गारव्यात ओली, घट्ट, रुंद पुळण तुमच्यासाठी मोकळी असते, आणि त्याच दिवसांत भद्रेच्या गावांतल्या पालख्या घरोघर फिरत असतात. याहून चांगला योग वर्षात येत नाही. तुम्ही होळीच्या आदल्या दिवशी निघणार होतात. ते तीन दिवस पुढे ढकला.

खडपाबद्दल एक गोष्ट सांगतो, ती माझ्या मूर्खपणाची आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी सात जणांना घेऊन एका टोकाला खालून वळसा घालायला निघालो. सकाळचे अकरा वाजले होते. समोरून खडकावरची कालवे (शिंपले) काढणाऱ्या दोन बाया डोक्यावर टोपल्या घेऊन परत येत होत्या. एकीने विचारले, “आता कुटं चाललाव?” मी हसून म्हटले, पलीकडे, अर्ध्या तासात पोचू. ती काही बोलली नाही, फक्त दुसरीकडे बघून तोंडाला पदर लावला. त्या दिवशी चतुर्थी होती. तीनला भरती पूर्ण होणार, हे मला ठाऊक असायला हवे होते. पंचांग पिशवीत होते, उघडले नव्हते. एक वाजता पुढच्या घळीत पाणी कमरेच्या वर होते आणि मागची वाट बुडालेली. वर चढायला कातळ सरळसोट. आम्ही आठ जण एका कट्ट्यावर पाचपर्यंत बसून होतो. गटात एक मुंबईच्या आजी होत्या, त्यांनी सगळ्यांना पोहे वाटले आणि मला एक शब्दही बोलल्या नाहीत. ते जास्त लागले. तेव्हापासूनचा नियम असा की कालवेवाल्या बाया परतल्या की आपणही परतायचे. आणि तुमच्याबरोबर बारा वर्षांची मुलगी आहे, तर खडपाला खालून वळसा घालूच नका. सड्यावरून जा, तास जास्त लागला तरी चालेल. खाडीचे मुख तर ओहोटीलाही पायी ओलांडायचे नाही. पाणी गुडघ्याएवढे दिसते, पण बाहेर जाणारी ओढ आणि रुतणारा गाळ दिसत नाही. पूल आहेत, ते वापरा.

आता चार दिवसांचा मार्ग सांगतो.

पहिला दिवस भाट्ये ते पावस. रत्नागिरीतून काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्याची पुळण. बाजूला सुरूचे बन, आणि दक्षिण टोकाला झरी विनायक. तिथे पुळण संपते. तिथून वर चढून फणसोप-गोळपच्या बाजूच्या सड्याने पावसला उतरायचे. हा सगळ्यांत कमी रंगतदार दिवस आहे, पाय मोकळे करायला. पावसला स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर आहे, त्यामुळे राहण्याजेवण्याची सोय विनासायास होते.

दुसरा दिवस पावस ते गावखडी. सकाळी डोंगर ओलांडून गणेशगुळ्याला उतरा. ‘गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला’ ही म्हण याच गावची. खालची पुळण लहान आणि शांत आहे. तिथून मेर्वीच्या बाजूने पूर्णगडाकडे जाताना तुम्हाला खऱ्या पाखाड्या लागतील. पूर्णगड किल्ला एवढासा आहे, अर्ध्या तासात पाहून होतो, पण मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे त्याच्या तटावर संध्याकाळी बसावे. मग पुलावरून गावखडी. तिथल्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. या हंगामात पिल्ले बाहेर पडण्याचा काळ असतो, म्हणून रात्री पुळणीवर बॅटरी लावून भटकू नका. घरट्याभोवती जाळी दिसली तर तिथली राखण करणाऱ्यांना विचारूनच जवळ जा.

तिसरा दिवस गावखडी ते कशेळी, आणि माझ्या मते सगळा प्रवास या दिवसासाठी करावा. अंतर कमी ठेवले आहे ते मुद्दाम. पहाटे पुळण, मग चढ, मग सडा. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे, साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी, मासे, पक्षी कोरलेले आहेत. कोकण-गोव्यातली जी नऊ कातळशिल्प-ठिकाणे २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांत कशेळी आहे. नऊ वाजायच्या आत पोचा, कारण उन्ह तिरपे असते तेव्हाच रेषा उठून दिसतात. डोक्यावर सूर्य आला की समोर हत्ती असून दिसत नाही. रेषांवर पाय ठेवू नका, खडूने किंवा पाण्याने रेषा उजळू नका. गुराख्यांना या चित्रांची माहिती फार आधीपासून होती. सड्यावर रोज वावरणारी माणसे तीच.

कशेळी गावात कनकादित्याचे देऊळ आहे. सूर्याची देवळे आपल्याकडे मोजकीच, त्यांतले हे एक. देवळाकडे शके १११३ चा, म्हणजे इसवी सन ११९१ चा, शिलाहार राजा भोज याचा ताम्रपट आहे. आख्यायिका सांगते की सौराष्ट्रातल्या प्रभासपाटणहून मूर्ती घेऊन चाललेले जहाज कशेळीच्या समुद्रात अडले, काही केल्या पुढे जाईना, तेव्हा मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली गेली. पुढे कनका नावाच्या स्त्रीला दृष्टांत झाला आणि तिने गावकऱ्यांकरवी देव वर आणला. नावातला ‘कनक’ तिचा. रथसप्तमीच्या उत्सवात कालिकावाडीहून कालिकादेवीचा मुखवटा वाजतगाजत कशेळीला येतो. त्या मिरवणुकीची वाट आणि तुमची चौथ्या दिवसाची वाट बरीचशी एकच आहे, फक्त तुम्ही उलट्या दिशेने जाल. संध्याकाळी देवघळीला, म्हणजे कशेळीच्या समुद्राकाठच्या घळीला, जाऊन सूर्यास्त बघा, कठड्याच्या अलीकडून.

चौथा दिवस कशेळी ते आडिवरे, महाकालीचे देऊळ, आणि पायांत जीव असेल तर खाली वेत्याच्या पुळणीपर्यंत. आडिवऱ्याहून रत्नागिरीची एसटी मिळते.

आता तुमची ‘लोककलांची यादी’. ती मी देणार नाही, आणि रागावू नका. शिमग्यात नमन-खेळे, म्हणजे नाचगाणी करणारे गावकरी, येतील, त्यांतले संकासुराचे सोंग येईल आणि तुमच्या मुलीच्या मागे धावेल, सहाणेवर पालखी नाचवतील, पुरलेला नारळ पालखी शोधून काढते ते ‘खुणा काढणे’ही कदाचित दिसेल. पण हे कार्यक्रम म्हणून लागत नाही. रात्री नऊचे खेळे साडेबाराला येतात, आणि ज्या घरी तुम्ही जेवायला बसला आहात त्याच घरी पालखी आली तर जेवण टाकून उठावे लागते. त्या घरचे म्हणून उठा. ओटी कशी भरायची ते घरातल्या वहिनींना विचारा, चपला दूर काढा, गाऱ्हाणे, म्हणजे देवापुढचे मागणे, सुरू झाले की टोपी काढून उभे राहा आणि सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतील तेव्हा म्हणा. पालखी खांद्याला लावायला मिळेल का? काही गावांत पाहुण्यालाही आग्रहाने देतात, काही गावांत तो मान ठरलेल्या घरांचा असतो. बायकांच्या बाबतीतही गावागणिक वेगळे आहे. विचारावे, नाही म्हटले तर वाद घालू नये. आणि कुणाच्या अंगात वारे आले असेल तर मोबाइल खिशात. एका वर्षी आमच्यातल्या एकाने हे ऐकले नाही. गावाने त्याला काही केले नाही, फक्त पुढच्या वर्षी मला त्या वाडीत कुणी बसा म्हटले नाही.

वाट घरांच्या खळ्यातून जाते, तेव्हा खालूनच हाक द्यायची: “घरात कोण आहे काय?” लगेच दोन प्रश्न येतील, ‘कुठनं आलाव’ आणि ‘कुणाकडं?’ दुसरा महत्त्वाचा. ‘फिरायला आलो’ हे त्याचे उत्तर होत नाही. आज रात्री ज्यांच्याकडे उतरणार त्यांचे आडनाव आणि वाडी सांगा, चेहरे लगेच सैल होतात आणि पाण्याचा तांब्या येतो. बेडे, म्हणजे कुंपणातले आडव्या बांबूंचे फाटक, उघडून गेलात तर बांबू परत होते तसे लावा, नाहीतर गुरे भाजीत शिरतात.

देवरहाटीचे थोडे. देवळामागचे ते दाट रान देवाचे आहे. तिथून वाळकी काटकीही न आणण्याची चाल अनेक गावांत आजही पाळतात, म्हणून तर तेवढी झाडे उरली. आत जायचे तर आधी गुरवाला विचारा. काही ठिकाणी अनवाणी जावे लागते, काही ठिकाणी जाताच येत नाही. तुम्ही पुढेमागे सिंधुदुर्गात चाललात तर हे जास्त जाणवेल. आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. आचऱ्याला ठरावीक वर्षांनी गावपळण होते: देवाचा कौल घेऊन अख्खा गाव गुरेढोरे, कोंबड्याकुत्र्यांसह तीन दिवस तीन रात्री शिवेबाहेर राहायला जातो. चालत आलेल्या अजाण माणसाला तेव्हा सताड रिकामा गाव लागायचा.

राहिलेल्या गोष्टी भराभर. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे, म्हणजे एक विषारी साप, पुष्कळ. ते जांभ्याच्या रंगाचेच असते, म्हणून गडग्यावर बसू नका, चिऱ्यांच्या फटीत हात घालू नका, अंधार पडल्यावर पायाशी उजेड हवाच आणि पायात बंद बूट. चावलेच तर दोरी बांधू नका, कापू नका, माणसाला चालवू नका. रिक्षा, गाडी, मिळेल त्याने ताबडतोब सरकारी रुग्णालयात, लस तिथे मिळते. हापूसचा हंगाम असल्याने बागांत राखणीला माणसे आणि कुत्री असतात. राखणदार बरेचदा नेपाळी, त्यांना तुम्ही कोण ते कळायला मार्ग नाही. लांबूनच आवाज द्या आणि पडलेला आंबासुद्धा उचलू नका. सड्यावर वणवे लागतात, धूर दिसला तर वाऱ्याची दिशा बघून खाली वाडीकडे उतरा. पाणी माणशी तीन लिटर, सड्यावर विहीर नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढत असतील तर दोर ओलांडून जाऊ नका, मागून वळसा घाला. ओढायला हात लावलात तर बहुधा मूठभर मासळी हातावर पडेल, ती नको म्हणू नये.

एवढे सगळे वाचून धास्तावला असाल, म्हणून नेमके काय करायचे ते पुन्हा सांगतो. पंचांगात फाल्गुन वद्य द्वितीया कोणत्या तारखेला आहे ते बघा, त्या दिवशी पहाटे भाट्याला हजर राहा. पावस, गावखडी आणि कशेळी, तिन्ही रात्रींची घरे आधी ठरवा, आणि प्रत्येक घरी फोनवर एकच विचारा: तुमच्या वाडीत पालखी कधी? कशेळीच्या घरी उत्तर ‘आज रात्री’ असे आले, तर चौथ्या दिवशी सकाळी लवकर निघायचा हट्ट धरू नका. तुमची मुलगी पहाटे तीनपर्यंत खळ्यात जागी असणार, आणि आडिवऱ्याला दुपारचीही एसटी आहे.